अफवेच्या दिवशी बँकेने काय बोलायचं? माहितीयुद्धावरच्या एका कार्यशाळेबद्दल

सहकारी बँका आणि पतसंस्थांना सध्या ‘माहितीयुद्ध आणि संस्था’ (म्हणजे अफवा, खोटे मेसेज, बनावट आवाज यांच्या माऱ्याला संस्थेने तोंड कसं द्यायचं) अशा विषयावरच्या प्रशिक्षणांची पत्रकं बरीच येतात. मी इचलकरंजी भागातल्या एका नागरी सहकारी बँकेत प्रशासन आणि कर्मचारी प्रशिक्षण बघते, त्यामुळे ही पत्रकं शेवटी माझ्याच टेबलावर येऊन पडतात. त्यातली कोल्हापुरातली एक दोन दिवसांची निवासी नसलेली कार्यशाळा आम्ही निवडली. फी माणशी चार हजार रुपये अधिक जीएसटी. आमच्याकडून पाच जण गेलो: मी, आयटी प्रमुख, दोन शाखाधिकारी आणि मुख्य शाखेतली एक रोखपाल. आयोजकांचं नाव इथे देत नाही. त्यांच्या काही त्रुटींबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे आणि त्या त्यांना लेखी कळवल्याही आहेत. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की जी बँक किंवा पतसंस्था असं प्रशिक्षण विकत घ्यायला निघाली आहे, तिला नेमकं काय मागायचं हे कळावं.

आधी निकाल सांगते. पैसे वसूल झाले. दुसऱ्या दिवसाचा सराव तर आजवर मी घेतलेल्या कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त उपयोगी होता. पण एका मुद्द्यावर माझे आयोजकांशी तीव्र मतभेद आहेत आणि तो मुद्दा लहान नाही.

पहिल्या दिवशी सकाळी पार्श्वभूमी होती. मुख्य प्रशिक्षक सैन्याच्या सिग्नल्स (दळणवळण) विभागातून निवृत्त झालेले अधिकारी. बोलणं स्वच्छ, पण स्लाइड सगळ्या इंग्रजीत. 1991 च्या आखाती युद्धापासून सुरुवात, मग रशिया, मग निवडणुका. यातलं बरंचसं आमच्या शाखाधिकाऱ्यांच्या डोक्यावरून गेलं. एस्टोनियाचं उदाहरण मात्र सगळ्यांनी कान टवकारून ऐकलं. एप्रिल 2007 मध्ये टॅलिन शहरातला सोव्हिएत काळातला सैनिकाचा पुतळा हलवला, त्यावरून दंगल झाली आणि पाठोपाठ सरकारी संकेतस्थळं, वर्तमानपत्रं आणि बँका यांच्यावर बनावट विनंत्यांचा मारा सुरू झाला. हान्सापँक ही तिथली मोठी बँक, तिची ऑनलाइन सेवा कोलमडली. कुणाच्या खात्यातला पैसा गेला नव्हता. पण स्क्रीनवर आपलं खातं दिसत नाही म्हटल्यावर सामान्य माणसाला काय वाटतं, हे बँकेत काम करणाऱ्याला वेगळं सांगायला लागत नाही.

त्यानंतर आलं जपानचं उदाहरण. केवळ त्याच्यासाठी मी हा विषय प्रत्येक शाखेत शिकवायला तयार आहे. डिसेंबर 1973, आइची प्रांतातली तोयोकावा शिंकिन बँक. ‘शिंकिन’ म्हणजे साधारण आपल्या नागरी सहकारी बँकेसारखी, सभासदांची, स्थानिक. रेल्वेतून घरी जाणाऱ्या तीन शाळकरी मुली गप्पा मारत होत्या. एकीला या बँकेत नोकरी लागली होती. मैत्रीण तिला म्हणाली, तिथे काम करणं धोक्याचं आहे. तिच्या मनात होते दरोडेखोर. मुलीने घरी जाऊन नातेवाइकांना विचारलं, बँक धोक्यात आहे का? नातेवाइकाने दुसऱ्याला विचारलं. असं करत दोन-तीन दिवसांत ती गोष्ट एका लॉन्ड्रीवाल्या जोडप्याच्या कानावर गेली. मग एके दिवशी त्यांच्या दुकानातल्या फोनवरून एका गिऱ्हाइकाने स्वतःच्या व्यवहारासाठी त्याच बँकेतून मोठी रक्कम काढायला घरी सांगितलं. त्या माणसाला अफवेची काही कल्पनाच नव्हती. पण लॉन्ड्रीवालीने ते ऐकलं, दोन गोष्टी जोडल्या, स्वतःचे पैसे काढले आणि ओळखीपाळखीच्यांना फोन लावले. त्यातल्या एकाने ती बातमी हौशी रेडिओवरूनही पसरवली. पुढे टॅक्सीचालकांच्या तोंडी हीच बातमी गिऱ्हाइकागणिक वाढत गेली: बँक अडचणीत दिसते, बँक बुडणार, उद्या बँक उघडणारच नाही.

पोलिसांनी ही अख्खी साखळी नंतर शोधून काढली. त्यात कट नव्हता, कुणी शत्रू नव्हता आणि एकही माणूस जाणूनबुजून खोटं बोलला नव्हता. त्या वर्षी तेलाच्या टंचाईने लोक आधीच घाबरलेले होते आणि दुकानांतून टॉयलेट पेपरचे रोल भराभर विकत घेऊन साठवत होते. बँकेने केलेल्या खुलाशाचाही लोकांनी उलटा अर्थ लावला. अध्यक्षांनी आत्महत्या केली अशी पुढची अफवा उठली, तेव्हा अध्यक्ष स्वतः काउंटरच्या खिडकीत येऊन बसले. जपानच्या मध्यवर्ती बँकेने रोकड पाठवली आणि नोटांची चळत ठेवीदारांना दिसेल अशी रचली. मग गर्दी ओसरली.

आमची रोखपाल हे ऐकून पटकन म्हणाली, “मॅडम, हे आपल्याकडे पिग्मीवाल्याच्या तोंडून झालं असतं.” शंभर टक्के खरं आहे. रोज संध्याकाळी दुकानादुकानांतून वीस, पन्नास, शंभर रुपये गोळा करणारा पिग्मी एजंट म्हणजे चालती-बोलती बँक. त्याचा चेहरा पडला की गल्लीचा चेहरा पडतो. आणि या कार्यशाळेत पिग्मी एजंटांचा उल्लेखही नव्हता. त्यावर पुढे येतेच.

आपल्याकडची उदाहरणं प्रशिक्षकांनी भराभर घेतली. एप्रिल 2003 मध्ये गुजरातेत आयसीआयसीआय बँकेबद्दल अफवा उठून एटीएमपुढे लागलेल्या रांगा. मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत फिरलेला, एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार असा मेसेज, जो केंद्र सरकारच्या पीआयबी या माहिती कार्यालयाच्या फॅक्ट चेकने खोटा ठरवला. परदेशातलं एक उदाहरण मला जास्त बोलकं वाटलं. मे 2019 मध्ये लंडनच्या पश्चिम भागात मेट्रो बँकेबद्दल व्हॉट्सॲपवर मेसेज फिरले आणि लोक लॉकरमधले दागिने न्यायला शाखेत गेले. बँक बुडत नव्हती. पण त्याच वर्षी जानेवारीत काही कर्जांच्या जोखमीची वर्गवारी चुकल्याचं बँकेनेच जाहीर केलं होतं, शेअर कोसळला होता आणि बँक नवं भांडवल उभं करायच्या मागे होती. अफवेला चिकटायला अशी एखादी खरी, अर्धवट समजलेली गोष्ट लागते. आपल्या संस्थेबद्दलच्या अशा खऱ्या आणि अर्धवट समजलेल्या गोष्टी कोणत्या, याची यादी करा, असं त्यांनी दुपारी सगळ्यांना कागदावर लिहायला सांगितलं. आमच्या पाच जणांची यादी पानभर झाली. ती मी आजही कपाटात ठेवली आहे.

आता दुसऱ्या दिवसाचा सराव. हे जरा निवांत सांगते, कारण कार्यशाळेचा जीव इथेच होता.

आठ-आठ जणांची टेबलं केली. प्रत्येक टेबल म्हणजे एक काल्पनिक बँक. कुणी चेअरमन, कुणी सीईओ, कुणी शाखाधिकारी, कुणी रोखपाल. भूमिका मुद्दाम उलट्या दिल्या होत्या. आमच्या टेबलावर दुसऱ्या एका बँकेचे संचालक रोखपाल झाले होते आणि आमची रोखपाल चेअरमन. ठरावीक वेळाने एक पाकीट यायचं. भिंतीवरचं घड्याळ सोमवार सकाळचे 9:40 दाखवत होतं. परिस्थिती अशी, की शनिवार रात्रीपासून सर्व्हर बदलण्याचं काम चालू होतं, ते रविवारी दुपारी संपायला हवं होतं, संपलं नाही, आणि दोन एटीएम अजून बंद आहेत.

पहिल्या पाकिटात एक पेन ड्राइव्ह. त्यात व्हॉट्सॲपवरची ऑडिओ क्लिप, अस्सल कोल्हापुरी: “आवं, आपल्या बँकंचं यटीएम बंद पाडलंय बगा. उद्यापास्नं पैसं मिळायचं बंद. माझा मेव्हणाच आत हाय, त्यानंच सांगिटलं. काय असंल ते आजच काढून घ्या.” आवाज इतका घरचा, की आम्ही सगळे गप्पच झालो. मेव्हणा कोण, बँक कोणती, काहीच सांगितलेलं नाही. म्हणूनच ती क्लिप कुठल्याही गावात चालली असती.

दुसऱ्या पाकिटात शाखेबाहेरच्या रांगेचा फोटो. बारकाईने बघितलं तर लोकांच्या तोंडाला मास्क, म्हणजे फोटो जुना. पण ते आम्हाला कळायला वेळ लागला आणि तोवर आमच्या टेबलावरच्या ‘शाखाधिकाऱ्या’ने सुरक्षारक्षकाला शटर अर्धं खाली ओढायला सांगून टाकलं. प्रशिक्षकांनी तिथेच घड्याळ थांबवलं. गर्दीत चेंगराचेंगरी नको म्हणून अर्धं शटर ओढायची आपल्याकडे सवय आहे. पण बाहेर उभ्या माणसाला त्याचा अर्थ एकच लागतो. त्याऐवजी आत घ्या, खुर्च्या टाका, पाणी द्या, पैसे द्यायचं दुसरं काउंटर उघडा, टोकन द्या आणि रांगेतल्या शेवटच्या माणसालाही आज पैसे मिळतील हे मोठ्याने सांगा. हे सांगायला माहितीयुद्धाचा तज्ज्ञ कशाला हवा, असं कुणी म्हणेल. पण सरावात सहापैकी चार टेबलांनी शटर ओढलं होतं.

तिसऱ्या पाकिटात एकच ओळ होती: ‘तुमच्या शिपायाच्या पत्नीने आत्ताच तिची एफडी मोडली.’ त्यावर आमच्या टेबलावर खरोखर वाद पेटला. संचालक म्हणाले, शिपायाला नोटीस द्या. आमची ‘चेअरमन’ रोखपाल म्हणाली, त्याला सकाळपासून कुणी काही सांगितलं का? सर्व्हर का बंद आहे हे शिपायाला कुणी सांगितलं? ज्याला काहीच माहीत नाही त्याच्या बायकोने घरचे पैसे सांभाळले तर तिचं काय चुकलं? संचालकांना ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण ते गप्प बसले. आमच्या बँकेत हा प्रश्न चार वर्षांतल्या एकाही सभेत आला नव्हता. संगणक बंद पडला की आयटीवाले धावपळ करतात, सीईओंना फोन जातो, आणि काउंटरवरच्या माणसाला मात्र ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढीच तीन शब्दांची माहिती मिळते. तीच तो ग्राहकाला देतो.

चौथं काम होतं ग्राहकांना पाठवायचा मेसेज लिहिण्याचं. आयोजकांची सगळ्यात चांगली कल्पना इथे होती. मसुदे तपासायला त्यांनी चार खरे ठेवीदार बोलावले होते: निवृत्त शिक्षक, भाजीचा व्यापार करणाऱ्या एक मावशी, एक यंत्रमागधारक आणि एक कॉलेजची मुलगी. आमचा पहिला मसुदा बँकेच्या नेहमीच्या थाटात होता. ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, काही समाजकंटकांकडून बँकेच्या नावलौकिकास बाधा आणणाऱ्या अफवा पसरविल्या जात असून…’ वगैरे. मावशींनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि विचारलं, “म्हंजे आज पैसं मिळत्यात का न्हाई?” त्या पूर्ण मसुद्यात त्याचं उत्तर नव्हतं. निवृत्त शिक्षक म्हणाले, ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हे वाचलं की आधी अफवा काय आहे ते शोधावंसं वाटतं.

शेवटी जो मसुदा चौघांनीही पास केला तो असा: ‘सर्व शाखा आज संध्याकाळी 5 वाजेपर्यंत सुरू आहेत. पैसे काढण्यावर कोणतीही मर्यादा नाही. सर्व्हर बदलण्याच्या कामामुळे आमची दोन एटीएम बंद आहेत, ती दुपारी सुरू होतील. तोपर्यंत इतर कुठल्याही बँकेचं एटीएम वापरा. दुपारी 2 वाजता पुढची माहिती देऊ.’ खाली शाखेचा फोन नंबर आणि सीईओंचं नाव. यात अफवेचा उल्लेखच नाही, कुणावर आरोप नाही, अडचण लपवलेली नाही आणि पुढची वेळ दिलेली आहे. यंत्रमागधारक म्हणाले, दोन वाजता खरंच मेसेज आला तर मी पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवीन. मला हे वाक्य सगळ्या स्लाइडपेक्षा मोलाचं वाटलं.

पाचव्या पाकिटाऐवजी फोन वाजला. पलीकडे आमच्याच रोखपालचा, म्हणजे ‘चेअरमन’चा आवाज: ताबडतोब अमुक खात्यात एवढी रक्कम पाठवा, रोकड मागवायची आहे. ती समोर बसलेली होती आणि तिचा आवाज फोनवर होता! पहिल्या दिवशी ओळख करून देताना सगळ्यांचं बोलणं संमतीने रेकॉर्ड केलं होतं, त्यावरून हा आवाज बनवलेला. पोरगी पांढरीफटक पडली. मग प्रशिक्षकांनी अरुप या अभियांत्रिकी कंपनीची घटना सांगितली. 2024 च्या सुरुवातीला हाँगकाँगमधल्या त्यांच्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर वरिष्ठांना बघून, ऐकून, 15 हप्त्यांत सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचे ते वरिष्ठ सगळे बनावट होते. आपल्याकडेही एनएसई आणि बीएसई या शेअर बाजारांच्या प्रमुखांचे शेअर सुचवणारे बनावट व्हिडिओ 2024 मध्ये फिरले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेला आपल्या गव्हर्नरांच्या बनावट व्हिडिओंबद्दल लोकांना सावध करावं लागलं.

आमच्या आयटी प्रमुखांनी इथे पुण्याच्या कॉसमॉस बँकेचा विषय काढला आणि चर्चा चांगली रंगली. ऑगस्ट 2018 मध्ये त्या बँकेचे 94 कोटींहून अधिक रुपये गेले. 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, कारण व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी स्वतःची यंत्रणा बसवली होती आणि ती प्रत्येक विनंतीला ‘हो’ म्हणत होती. म्हणजे तिथेही तिजोरी फोडलेली नव्हती, मंजुरीची माहिती खोटी केली होती. माणसाला खोटा आवाज, यंत्राला खोटं उत्तर. आजवर आमच्याकडे पहिला विषय कर्मचारी प्रशिक्षणाचा आणि दुसरा आयटीचा, असे दोन कप्पे होते. ते एकत्र बघायला हवेत हे मला इथे पटलं.

आता मतभेदाचा मुद्दा. दोन्ही दिवस प्रशिक्षकांच्या बोलण्यात ‘शत्रू’ हा शब्द सतत होता. अफवा पसरवणारा शत्रू, प्रश्न विचारणारा शत्रूच्या हातातलं बाहुलं. एका संचालकांनी विचारलं, आमचा एक सभासद फेसबुकवर लिहितो की संचालकांच्या नातेवाइकांना विनातारण कर्जं दिली, त्याचा बंदोबस्त कसा करायचा? प्रशिक्षकांनी त्यांना खात्याची तक्रार कशी करायची, पुरावे कसे जपायचे, हे सगळं नीट सांगितलं. फक्त एक प्रश्न विचारला नाही: तो सभासद लिहितो ते खरं आहे का?

2019 मध्ये घोटाळा उघड झालेल्या पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचं नाव अख्ख्या कार्यशाळेत एकदाच आलं, तेही ‘त्या काळात उठलेल्या अफवा’ म्हणून. खरंच तेव्हा नऊ बँका बंद होणार असा खोटा मेसेज देशभर फिरला होता आणि रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला होता. पण पीएमसीत खोटं कुणी तयार केलं? एचडीआयएल या बांधकाम समूहाला दिलेली कर्जं लपवायला बँकेने हजारो बनावट कर्जखाती दाखवली होती. तपासात 21,049 हा आकडा आला. ही खोटी माहिती बँकेच्या आतून, बँकेच्या संगणकातून रिझर्व्ह बँकेकडे आणि ठेवीदारांकडे गेली. 23 सप्टेंबर 2019 ला निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येत होते. मुंबईत शाखांबाहेर रडणारी म्हातारी माणसं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. त्याआधी एखाद्या कर्मचाऱ्याने किंवा सभासदाने हे चव्हाट्यावर आणलं असतं, तर या कार्यशाळेतल्या व्याख्येनुसार तो शत्रू ठरला असता.

म्हणून माझं ठाम मत आहे, की संस्थांना माहितीयुद्ध शिकवताना पहिला धडा स्वतःच्या ताळेबंदाचा असायला हवा. ज्या बँकेचे आकडे खरे आहेत तिने अफवेशी लढायला शिकावं. जिचे आकडे खोटे आहेत तिच्या हातात हे तंत्र देणं म्हणजे ठेवीदारांच्या विरुद्धच हत्यार देणं. आणि घाबरलेल्या ठेवीदाराला शत्रू म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. सहकारी बँका बुडताना या माणसांनी डोळ्यांनी पाहिल्या आहेत, भीती त्यांच्या अनुभवातून आलेली आहे.

दुसरी मोठी उणीव म्हणजे आपल्या सहकारातलं राजकारण. रशिया, चीन, पाकिस्तान सगळे येऊन गेले. पण संचालक मंडळाच्या निवडणुकीच्या आधी विरोधी पॅनेलकडून फिरणारी पत्रकं, वार्षिक सभेच्या आदल्या रात्री येणारे निनावी मेसेज, लेखापरीक्षण अहवालातलं एकच पान काढून केलेला फोटो, याबद्दल अवाक्षर नाही. आमच्या भागात कुठल्याही संस्थेला विचारा, माहितीचा मारा आधी इथून होतो. यात खरं-खोटं इतकं मिसळलेलं असतं, की खुलासा करायला बसलं तर सत्ताधारी पॅनेलचा प्रचार ठरतो. कर्मचाऱ्याने अशा वेळी काय बोलावं आणि काय अजिबात बोलू नये, याचा सराव हवा होता. राज्यातल्या घटनांकडेही असंच दुर्लक्ष झालं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. वसुलीसाठी अनोळखी गावात जाणाऱ्या आमच्या माणसांच्या सुरक्षेशी हा विषय थेट जोडलेला आहे. त्यावर अर्धा तास द्यायला काहीच हरकत नव्हती.

कायद्याचं सत्र वकिलांनी घाईत उरकलं. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायची (28 एप्रिल 2022 चा आदेश), फसवणुकीसाठी 1930 हा क्रमांक, एवढं हाती लागलं. ठेवींच्या विम्याबद्दल मात्र त्यांनी नीट सांगितलं आणि तेच काउंटरवर सगळ्यात जास्त कामाला येतं: 4 फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तर ही रक्कम 90 दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. आमच्याच दोन शाखाधिकाऱ्यांना जुनी 1 लाखाची मर्यादाच माहीत होती.

परत आल्यावर आम्ही काय बदललं ते थोडक्यात. फोनवरून कुणाचाही आवाज आला, अगदी चेअरमनसाहेबांचा, तरी रक्कम हलवायची नाही. आपण स्वतः त्यांच्या नोंदवलेल्या नंबरवर परत फोन लावायचा आणि दोघांनी मंजुरी द्यायची. चेअरमनसाहेबांना हे आधी अपमानास्पद वाटलं, पण सरावातला बनावट आवाज ऐकवल्यावर त्यांनीच परिपत्रकावर सही केली. संगणकाचं कुठलंही काम काढलं की त्याची कारणासकट माहिती आदल्या दिवशी शिपायापासून सगळ्यांना. बँकेचा मेसेज फक्त अधिकृत नंबरवरून आणि फक्त बँकांनाच मिळणाऱ्या नव्या डॉट बँक डॉट इन पत्त्याच्या संकेतस्थळावर, कर्मचाऱ्यांच्या खासगी ग्रुपवर आधी नाही. शाखेत दर्शनी भागात एनपीए (थकलेली कर्जं), भांडवल पर्याप्तता (कर्जांच्या जोखमीच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल) आणि ठेवींचे तिमाही आकडे साध्या मराठीत लावायचे. या शेवटच्या गोष्टीला संचालक मंडळात विरोध झाला, अजून चर्चा चालू आहे. मी तो विषय सोडणार नाही.

व्यवस्थेबद्दल: सभागृह चांगलं, माइक नीट, जेवण साधं आणि वेळेवर. वाचायला दिलेलं साहित्य सगळं इंग्रजीत, हे चुकलंच. सरावाची पाकिटं इतक्या छान मराठीत लिहिणाऱ्यांना टिपणंही मराठीत देता आली असती.

कुणी जावं? आयटीवाल्यांना एकटं पाठवू नका. शाखाधिकारी आणि रोखपाल न्याच, जमलं तर एखादा संचालकही. नाव नोंदवण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: सरावात खरे ठेवीदार असतील का, टिपणं मराठीत मिळतील का, आणि पॅनेलच्या राजकारणावर काही आहे का. पिग्मी एजंटांसाठी अर्ध्या दिवसाचं वेगळं सत्र मी आयोजकांकडे लेखी मागितलं आहे. किमान तीस जण असतील तर इचलकरंजीत येऊन घेऊ, असं त्यांचं उत्तर आलंय. आमच्याकडे बावीस एजंट आहेत. आसपासच्या पतसंस्थांना यात यायचं असेल तर आपापल्या व्यवस्थापकांशी बोला, संध्याकाळची वसुली चुकू नये म्हणून वेळ सकाळची ठेवायला सांगितली आहे.